कवचाची बरणी

१

बॅटऱ्यांच्या कारखान्यातली सकाळची पाळी सातला सुरू होई. पण तिची खरी सुरुवात पावणेसातला, दवाखान्याच्या खिडकीशी होत असे. कामगार कपाटखोलीत घरचे कपडे उतरवून निळे कोट चढवत. तिथून निघालेला बोळ खिडकीवरून पुढे जाऊन थेट शिशाच्या भुकटीखात्याच्या दाराशी थांबे. कोट शनिवारी धुलाईला जात, त्यामुळे मंगळवारपर्यंत त्यांच्या निळ्यावर राखाडी झाक चढलेली असे.

खिडकीच्या फळीवर काचेची मोठी बरणी, कागदी पेल्यांची चळत आणि हजेरीपुस्तक. सिस्टर चिमट्याने एक कॅप्सूल उचली, समोरच्या तळहातावर ठेवी, पाण्याचा पेला पुढे करी आणि पेला रिकामा परत आला की नावापुढे खूण करी. एका माणसाला आठ सेकंद.

"सिस्टर, तुमच्या गोळीनं लघवी अशी पिवळीधमक होते, की बायको म्हणते डॉक्टरला दाखव!"

"मग दाखव की. डॉक्टर आतच बसल्यात."

"त्यातल्या एका जीवनसत्त्वाचा रंग आहे तो," आतून डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाबरू नका."

रांग हसली. खिडकीच्या वर डॉक्टरबाईंच्याच वळणदार अक्षरातला तक्ता होता : 'रोज एक कॅप्सूल – शिशाविरुद्ध तुमचे कवच.' तो लावून वर्ष झाले होते.

रांगेत शेवटी टापटीपराव. खरे नाव पुस्तकात होते, पण तोंडात कुणाच्याच नव्हते. एकतीस वर्षांची नोकरी, नखे कायम मुळापर्यंत कापलेली. पाळी संपल्यावर बाकीचे एकदा अंघोळ करत, तेव्हा हे दोनदा करत. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात. झोपतानाच काय तो उतरत असेल. त्यांनी मान वर करून पेला रिकामा केला आणि नेहमीप्रमाणे तो दुमडून टोपलीत टाकला.

"नात कशी आहे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"पोट दुखतं म्हणते. आणि बाई, दहापर्यंत खडाखडा मोजायची, आता सातावर अडते."

त्यांना आणखी काही बोलायचे होते, पण भोंगा झाला.

नऊ वाजता मुलांच्या रुग्णालयातून पाकीट आले. नात, वय साडेचार, लाडाचे नाव टिकली. रक्तातले शिसे : पाचाच्या वर गेले तरी काळजी करावी असा आकडा, तो छत्तीस. दोन महिन्यांपूर्वी एकोणतीस होता. मग महिनाभर मुलगी मावशीकडे राहिली आणि आकडा सतरावर उतरला. घरी परतली आणि महिन्यात दुप्पट झाला.

खाली एक ओळ वेगळ्या शाईत होती : 'मुलीची सावत्र आई तिला विष घालत असल्याची तक्रार मावशीने केली आहे. शुक्रवारी अकरा वाजता बालकल्याण समिती मुलीचा ताबा ठरवील. त्याआधी शिसे कुठून येते ते आपण सांगू शकाल काय?'

२

बुधवारी पाळी सुटल्यावर डॉक्टरबाई टापटीपरावांबरोबरच त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा मालवाहू जहाजावर, पाच महिन्यांपासून समुद्रात. घरात सासरे, सून आणि टिकली. आणि सध्या टिकली रुग्णालयात, म्हणून तिची छोटी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

टापटीपरावांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, हात धुतले, सदऱ्याच्या खिशातली चष्म्याची डबी वरच्या फळीवर ठेवली, मग पुन्हा हात धुतले.

"कारखान्यातून शिसं घरी येऊ शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कपड्यांवरून, केसांतून."

"म्हणून तर माझा कोट कधी कारखान्याच्या फाटकाबाहेर आला नाही, बाई. एकतीस वर्षांत."

डॉक्टरबाईंनी पेटी उघडली. आत तपासणीचे ओले बोळे होते. पृष्ठभागावर फिरवायचे, शिसे असले तर गुलाबी होतात. खिडकीचा रंग, नळाचे तोंड, दाराची मूठ, सासऱ्यांची उशी, दुधाचे पातेले, मधाची बाटली, खेळणी, जमिनीच्या फटी. एकतीस बोळे. एकही गुलाबी झाला नाही. पाण्याचा आणि मधाचा नमुना त्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी वेगळा भरून घेतला.

सून स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून हे पाहत होती. तिशीच्या आतबाहेरची, शांत; पण ती शांतता दात आवळून धरलेली.

"झालं समाधान?" तिने विचारले. "आता माझे हात राहिले. तेही पुसून बघा."

"पुढे करा."

सुनेला हे अपेक्षित नव्हते. तिने तळवे पुढे केले. बोळा पांढराच राहिला, तेव्हा तिने हात मागे घेतले.

"तिला खायला कोण देतं?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारले.

"सकाळी मी, दुपारी मी. संध्याकाळी बाबा कामावरून आले, की मधाचा चमचा तेवढा त्यांचा. तेव्हा मी त्या खोलीत असलेलीही त्यांना चालत नाही." तिने सासऱ्यांकडे पाहिले नाही. "सावत्र आहे ना मी. शेजारची म्हणते, मावशी म्हणते. घरात कुणी तोंडानं म्हणत नाही, एवढंच."

टापटीपराव उठले आणि तिसऱ्यांदा हात धुवायला गेले.

३

त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई मावशीकडे गेल्या. मावशी शिवणकाम करी. तिच्या खोलीत तीन यंत्रे होती, आणि ती बोलत असतानाही तिच्या पायाखालचे यंत्र थांबत नव्हते.

"मी लपवाछपवी करत नाही, डॉक्टर. माझी बहीण गेली, तिची पोर सवतीच्या हाती गेली. पोर वाळायला लागली. मी माझ्याकडे आणली, तर चार घास जास्त खायला लागली. परत पाठवली, तर पुन्हा तेच. दोन आणि दोन चार करायला शाळेत जावं लागत नाही."

"तुम्ही तिला रंगवलेलं लाकडी बदक दिलंत."

यंत्र थांबले. "म्हणजे आता मी?"

"बदक मी तपासलं. स्वच्छ आहे."

"मग मला कशाला विचारता?"

"कारण तुम्ही तिला महिनाभर रोज पाहिलंत. तुमच्याकडे आल्यावर तिच्यात काय काय बदललं? लहानसहानसुद्धा सांगा."

मावशीने धागा दातांनी तोडला. विचार करताना तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "पोटात कळ यायची थांबली. रात्री किंचाळून उठायची, ते थांबलं. आणि हो, लघवी. आली तेव्हा अशी पिवळीजर्द, की मला वाटलं कावीळ. दोन दिवसांत पाण्यासारखी झाली. त्या घरात पोरीला धड पाणीही पाजत नाहीत!"

डॉक्टरबाईंनी ते वहीत टिपले. पण ते काय आहे, हे त्यांना उमगले नाही. पाणी कमी पिणाऱ्या मुलांचे तसे होते, एवढेच मनात येऊन गेले.

निघताना मावशी म्हणाली, "शुक्रवारी मी तिला घेऊन जाणार. पिशवी भरून ठेवलीय."

दाराशी खरोखरच एक पिशवी होती. वर घडी केलेला छोटा फ्रॉक.

४

गुरुवारी महिन्याची तपासणी होती. दुपारच्या सुट्टीत कामगार आपापल्या बाटल्या आणून खिडकीशी ठेवून गेले. प्रयोगशाळेचा कागदही आला : पाण्यात शिसे नाही, मधात नाही.

व्यवस्थापक दारात डोकावले. "त्या मुलीचं प्रकरण आपल्यावर शेकणार नाही ना?"

"अजून माहीत नाही. तुम्ही भुकटीखात्यातला धूळ ओढणारा एक्झॉस्ट पंखा कधी दुरुस्त करताय? चार महिने झाले."

"होईल हो. आणि तोवर कॅप्सूल देतोच आहोत की आपण. तुमचीच योजना." ते हसून निघून गेले.

हे वाक्य डॉक्टरबाईंना लागले. योजना त्यांचीच होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा औषधांनी शिशाची झळ थोडी कमी केल्याचे त्यांनी वाचले होते. माणसांबाबतचा पुरावा तोकडा होता, हेही वाचले होते. पण चाळीस दमलेल्या माणसांपुढे 'कदाचित', 'थोडीफार' असे शब्द टिकत नाहीत, म्हणून त्यांनी सोपा शब्द निवडला होता. कवच. वर्षभरात कामगारांच्या रक्तातला आकडा किंचित उतरला होता. तो कॅप्सूलमुळे की त्याच सुमारास आलेल्या नव्या मुखपट्ट्यांमुळे, हे त्यांनी कधी तपासले नव्हते.

"हे बघा, पिवळ्या फुलांचा बगीचा," सिस्टर बाटल्यांचा ट्रे उचलत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सहज पाहिले. खिडकीतून आलेल्या उन्हात एकोणचाळीस बाटल्या झगझगीत पिवळ्या होत्या. एक पाण्यासारखी.

"ही कुणाची?"

सिस्टरने चिठ्ठी वाचली. "टापटीपरावांची. खूप पाणी पीत असतील. त्यांच्या नावापुढे एकाही दिवसाची खूण चुकलेली नाही."

"खूण कशाची करता तुम्ही, सिस्टर? गोळी गिळल्याची, की पेला रिकामा झाल्याची?"

सिस्टरने हजेरीपुस्तक मिटले. डॉक्टरबाईंनी वही उघडली. जिची लघवी साधी असायला हवी तिची पिवळी, आणि ज्यांची पिवळी असायला हवी त्यांची साधी. एका घरातली दोन माणसे. कॅप्सूल आजोबांच्या नावावर निघत होती आणि नातीच्या पोटात जात होती. रविवार सोडून रोज.

म्हणजे विष कॅप्सूलमध्ये? ही बरणी त्यांनीच मागवलेली. त्यांनी चिमटा उचलला, बरणीच्या तळातून, मधून, वरून अशा दहा कॅप्सूल काढल्या आणि प्रयोगशाळेत स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

पाऊण तासाने तंत्रज्ञाने मान वर केली.

"स्वच्छ आहेत, बाई. आत काही नाही, बाहेर काही नाही."

५

डॉक्टरबाई बोळात जाऊन उभ्या राहिल्या. बरणी स्वच्छ. घर स्वच्छ. मध स्वच्छ. मग शिसे चढते कुठे? बरणी आणि चमचा यांच्यामध्ये एक अख्खा दिवस होता, तो त्यांनी तपासलाच नव्हता.

पाळी सुटली. टापटीपराव दोन अंघोळी करून, भांग पाडून, घरच्या पांढऱ्या सदऱ्यात आले. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतले.

"काका, बसा. तुमची चष्म्याची डबी दाखवता?"

"डबी? ती कशाला?"

"चष्मा तर गळ्यात आहे. काल घरी डबी फळीवर ठेवलीत, तेव्हाही गळ्यातच होता. मग डबीत काय असतं?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पुसले. मग डबी काढून टेबलावर ठेवली. आत मऊ कापडाची घडी, आणि घडीत आजची कॅप्सूल, झोपवल्यासारखी.

"चोरी नाही केली, बाई. माझ्याच वाट्याची आहे. पोर घरी आली, की तिला द्यायला साठवतोय."

"माहीत आहे मला."

डॉक्टरबाईंनी ओला बोळा काढून कॅप्सूलवरून फिरवला. काल आपल्या घरात एकतीस बोळे पांढरे राहिलेले टापटीपरावांनी पाहिले होते. गुलाबी रंगाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही. बोळा आधी कडेने आणि मग पूर्ण रंगला. कापडावरचा दुसराही.

"ही तर तुमच्याच बरणीतली," ते पुटपुटले.

"बरणीतली स्वच्छ होती. सकाळपासून ही कुठे होती, काका?"

त्यांचा हात छातीवर गेला, सदऱ्याच्या खिशाकडे. पण तो हा खिसा नव्हता. कपाटखोलीत खुंटीवर टांगलेल्या कोटाचा खिसा होता तो. शनिवारपर्यंत न धुतला जाणारा, दिवसभर भुकटीत आणि घामात उभा असलेला. घामाने कॅप्सूल किंचित चिकट होई आणि भुकटी तिला धरून बसे. सगळे अंग दोनदा घासून धुणारा माणूस ती तेवढी, हात लावायचाही नाही म्हणून, रुमालाने उचलून डबीत ठेवत असे.

"आणि घरी?"

"मधात बुडवायची. मऊ झाली, की चमच्यातच दाबून फोडायची. टरफल टाकायचो नाही. म्हटलं, त्यातही गुण असेल." त्यांनी डबी बोटाने दूर सारली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई. सहा महिन्यांपूर्वी, जेवणाच्या हॉलमध्ये. शिसं सगळ्यात आधी लहान पोरांना धरतं म्हणून. आणि ही गोळी म्हणजे कवच म्हणून. मी म्हटलं, माझं काय, पिकलं पान. कितीही घासलं तरी अंगाला काही राहत असेल, ते पोरीला बाधायला नको. रविवारी गोळी मिळायची नाही ना, तर मला दिवसभर चैन पडायचं नाही."

ती दोन्ही वाक्ये डॉक्टरबाईंची होती. एकाच दुपारी, पाठोपाठ बोललेली. या माणसाने ती फक्त जोडली होती.

"सूनबाईंना का नाही सांगितलंत?"

"हसेल, म्हणेल म्हातारा खुळा झाला. आणि मग…" त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, पुन्हा काढला. "आता मला पोरीच्या जवळ जाऊ देतील का हो?"

६

व्यवस्थापकांनी सगळे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे कामगाराची चूक. नियम मोडून गोळी बाहेर नेली. तसंच लिहा, विषय मिटला."

डॉक्टरबाई त्या संध्याकाळी टेबलाशी बसल्या. असे लिहिले तर सुनेवरचा आळ जाईल हे खरे. पण समितीपुढे विष देणारे आजोबा उभे राहतील, आणि मावशी भरलेली पिशवी घेऊन मुलीला न्यायला येईल. शिवाय ते पुरते खरेही नव्हते. त्यांनी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिले : शिशाचा उगम भुकटीखात्यातील धूळ; ती मुलीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दवाखान्याची कॅप्सूल-योजना. धुळीचे कोट घातल्यावर कॅप्सूल हातात देण्याची व्यवस्था माझी. गिळल्याची खात्री न करण्याची चूक माझ्या दवाखान्याची. पुराव्याहून मोठा दावा करणारा तक्ता माझा. खाली सही. मग खुर्चीवर चढून त्यांनी तक्त्याच्या चार टाचण्या काढल्या आणि तो घडी करून अहवालाला जोडला.

शुक्रवारी समितीच्या खोलीत अध्यक्षांनी अहवाल मोठ्याने वाचला. वाचून संपायच्या आत टापटीपराव उभे राहिले.

"बाईंनी स्वतःवर घेतलंय. हात माझा होता. सुनेनं पोरीला वाईट असं काही दिलं नाही. मीच तिला खोलीबाहेर पाठवायचो."

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. "मला वाटायचं, माझी सावली नको म्हणून पाठवता," ती म्हणाली. "सहा महिने मला तेच वाटत होतं, बाबा."

"तुझी नाही गं. मला माझीच लाज वाटायची."

बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली. मावशी मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडत आणि बांधत होती. शेवटी ती सुनेकडे न पाहता म्हणाली, "फ्रॉक आखूड झालेत तिचे. दोन शिवून ठेवलेत. ती घरी आली की आणून देऊ का? कधी येऊ, तेवढं सांग."

"केव्हाही या, ताई," सून म्हणाली.

समितीने निर्णय दिला : उपचार पुरे झाले की मुलगी घरीच राहील, आणि दर पंधरा दिवसांनी तिचे रक्त तपासले जाईल. आजोबांना भेटायला मनाई नव्हती. हे ऐकल्यावर टापटीपराव खाली बसले. खाली बसल्यावरही त्यांचे हात पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होते.

डॉक्टरबाई त्यांच्या आधी बाहेर पडल्या. त्यांच्या पिशवीत त्याच अहवालाची दुसरी प्रत होती. पाकिटावर कारखाने-निरीक्षकांच्या कार्यालयाचा पत्ता होता. या प्रतीत एक परिच्छेद जास्त होता : चार महिने बंद असलेला एक्झॉस्ट, चाळीस कामगारांचे महिन्यामहिन्याचे आकडे, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक मागणीला मिळालेले उत्तर – कॅप्सूल देतोच आहोत. हे पाकीट गेल्यावर आपली खुर्ची राहील की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. व्यवस्थापकांना मात्र नक्की ठाऊक असेल.

कोपऱ्यावर लाल टपालपेटी होती. त्यांनी पाकीट आत सोडले, ते तळाला पडल्याचा आवाज ऐकला आणि दुपारच्या पाळीसाठी कारखान्याची वाट धरली.

पावणेतीनला खिडकीची फळी वर गेली. फळीवर बरणी नव्हती. तिच्या जागी कात्री, जाड निळ्या दोऱ्याचे रीळ आणि दोन सुया.

"आज गोळी नाही का, बाई?" रांगेतला पहिला म्हणाला.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोट काढून द्या. खिसा शिवून टाकायचाय."